विरोध असल्यास तीच खूण

आमच्या मंडळीत विरोधाचा हात वर गेलेला मी कधी पाहिला नव्हता.

दर रविवारी सभेच्या सुरुवातीला बिशप उभे राहतात आणि कुणाला कोणतं काम दिलं ते वाचून दाखवतात. आम्ही मॉर्मन पंथाचे ख्रिस्ती, आमच्यात पगारी पाद्री नसतो. बिशप ऑर्टन आठवडाभर गवत कापतात, गठ्ठे बांधतात, आणि रविवारी कोट घालून आमचे बिशप होतात. मुलांना गाणी कोण शिकवणार, बाजा कोण वाजवणार, आजाऱ्यांकडे कोण जाणार, सगळी कामं आपसात वाटलेली. नाव घेतलं की ते माणूस जागेवर उभं राहतं. मग बिशप म्हणतात, "ज्यांचा पाठिंबा आहे त्यांनी उजवा हात वर करावा." सगळे हात वर जातात. मग ते म्हणतात, "कुणाचा विरोध असल्यास तीच खूण करावी."

या वाक्यानंतर एका श्वासाइतकं थांबायचं असतं. बिशप थांबतात, पण मान वर करत नाहीत. तोवर त्यांची नजर पुढच्या नावावर गेलेली असते.

लहानपणी त्या एका श्वासात मी माझाही श्वास धरून ठेवत असे. एकदा आईला विचारलं, "कुणी हात वर केला तर?"

"करत नाहीत."

"पण केला तर?"

"रोवेना, सरळ बस."

मी मोठी झाले, भूगर्भशास्त्र शिकले आणि काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, विहिरी मोजायच्या नोकरीला लागले. पोलादी फितीला खडू लावायचा, फीत विहिरीत सोडायची, वर काढायची आणि खडू कुठपर्यंत भिजला ते पाहायचं. भिजला असेल तर भिजला, कोरडा असेल तर कोरडा. हे काम मला आवडतं. विहिरीला कुणाचं मन राखायचं नसतं.

जॅनील टॉबलर माझी शाळेपासूनची मैत्रीण. नवरा गेल्यापासून ती शाळेची बस चालवते. आधी खाली खोऱ्यातली, म्हणजे आमच्या हार्मन्स बेंडची मुलं घ्यायची, मग घाट चढून वर ग्रॅनाइट गावातली खाणकामगारांची मुलं घ्यायची. काउंटीत हायस्कूल एकच आहे. आम्ही खालचे सगळे मॉर्मन, वरचे सगळे 'बाकीचे'. दोन्हीकडची मुलं एकत्र बसतात अशी जागा तिच्या बसखेरीज दुसरी नाही.

त्या हिवाळ्यात घाटातल्या वळणावर बस घसरली. कठड्याचे दोन खांब तुटले, तिसऱ्याला बस टेकली आणि थांबली. जॅनीलनं मुलांना मागच्या दारानं एकेक करून उतरवलं, मोठ्यांना लहानांचे हात धरायला लावले आणि सगळ्यांना गाणं म्हणायला सांगितलं. कुणाला खरचटलंही नाही. त्यानंतर ती काउंटी समितीच्या बैठकीला तीनदा गेली आणि घाटात बर्फ काढायचं यंत्र ठेवा म्हणून सांगून आली. तिन्ही वेळा समितीवरचा आमचा सदस्य डेल पिकेट 'बघू' म्हणाला.

"रो," ती मला म्हणाली, "मी त्याच्याविरुद्ध निवडणुकीला उभी राहतेय."

डेल पिकेट गुरांच्या धंद्यातला माणूस. तीन लग्नं करून मोडलेला, बैठकीतही पायाशी बिअरची पेटी ठेवणारा, कुठल्याच चर्चमध्ये पाऊल न टाकणारा. माणूस वाईट नव्हता. आळशी होता.

जॅनीलचा हिशेब साधा होता. खोरं आपलंच आहे. वरच्यांपैकी तिसरा हिस्सा फिरला तरी झालं.

म्हणून आम्ही दोघी वर मार्टिन एचेवेरीच्या बारमध्ये गेलो. मार्टिनचा आजा मेंढ्या राखायला स्पेनच्या डोंगरातून आलेला बास्क. त्याच्या बारमध्ये दिवसभर लसूण परतल्याचा वास असतो, आणि वरच्या गावाचं मत तिथेच ठरतं.

"या, या! काय घेणार?" मार्टिननं विचारलं आणि कपाळावर हात मारला. "अगं हो, तुम्हाला तर काहीच चालत नाही. कॉफीसुद्धा नाही. मग जगता तरी कशावर?"

"दुधावर," जॅनील म्हणाली, "आणि तुझ्यासारख्यांच्या टोमण्यांवर."

कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "टॉबलरबाई, खरं सांग, तुमच्यात एका नवऱ्याला किती बायका?"

"मला मिळाला तो एवढा घोरायचा, की कुणी वाटून घ्यायला आली असती तर अर्धा मी आनंदानं दिला असता."

बार हसला. मार्टिननं तिच्यापुढे दुधाचा पेला ठेवला, खाली कागदी रुमाल घालून, व्हिस्की ठेवावी तसा. ती बसच्या अपघाताबद्दल बोलली, यंत्राबद्दल बोलली. सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्या मुलांना तिनं त्या दिवशी उतरवलं होतं त्यांचे बाप तिथे बसलेले होते.

आम्ही निघालो तेव्हा दाराशी त्यातल्याच एकानं टोपी काढली. "बाई, तुझ्यावर राग नाही हं. माझी पोरं मी डोळे मिटून तुझ्या हवाली करतो. पण मत म्हणशील, तर तुला दिलं की ते सॉल्ट लेकला, तुमच्या चर्चच्या मुख्य कचेरीत जातं. तिकडून फोन येणार आणि तू हात वर करणार. तुम्ही सगळे एकदम हात वर करता, आम्हाला माहीत आहे."

गाडीत जॅनीलनं काचेवरची वाफ बाहीनं पुसली. मग म्हणाली, "पोरं देतात, मत देत नाहीत. म्हणजे मत पोरांपेक्षा महाग झालं की, रो."

ऑक्टोबरात ग्रॅनाइटच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दोन्ही उमेदवारांची सभा झाली. बंब बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. खालूनही दोन-तीन गाड्या भरून माणसं आली होती: जॅनीलची आई सिस्टर लीथम, बिशप ऑर्टन, माझा नवरा ग्लेड, आणखी काहीजण. आमच्यात एकमेकांना सिस्टर-ब्रदर म्हणायची रीत आहे. वरचे लोक त्याची नक्कल करतात.

रस्त्यावर बोलून झालं, करांवर बोलून झालं. मग मार्टिन उठला.

"जॅनील, मी सरळ विचारतो. सॉल्ट लेकहून तुमच्या प्रेषितांचा फोन आला, अमुक ठरावावर असं मत दे म्हणून. आणि तुला ते आपल्या काउंटीसाठी चुकीचं वाटलं. मग?"

"मार्टिन, त्यांना आपला घाट नकाशावरसुद्धा सापडायचा नाही. फोन कुठून येणार?"

लोक हसले. मार्टिन हसला नाही. "ते सोड. आला तर?"

हसणं थांबलं. पिकेट खुर्चीत पुढे झुकला. त्यालाही उत्तर ऐकायचं होतं. जॅनीलनं समोरच्या लोकांकडे पाहिलं, मग मागच्या रांगेत आम्ही बसलो होतो तिकडे पाहिलं.

"आला, मी तो ऐकला, प्रार्थना केली, आणि तरीही मला ते चुकीचं वाटलं, तर नाही म्हणेन."

"प्रेषितांना?"

"हो."

एवढाच शब्द. आमच्यात प्रेषितांनी सांगितलं म्हणजे देवानं सांगितलं. मार्टिन सावकाश खाली बसला आणि टाळ्या वाजवू लागला. मग हॉल टाळ्या वाजवू लागला. मी वळून पाहिलं. आमची माणसंही वाजवत होती. सिस्टर लीथम वाजवत होत्या, ग्लेड वाजवत होता.

परतताना सिस्टर लीथम आमच्याच गाडीत मागे बसल्या होत्या. घाट उतरून होईपर्यंत त्यांनी कोट गळ्यापर्यंत ओढून धरला होता. मग म्हणाल्या, "हॉल फार गार होता."

त्यानंतरच्या दिवसांत खोऱ्यात कुणी तिला एका शब्दानंही बोललं नाही. वाकडं नाही आणि त्या सभेबद्दल सरळही नाही. दुकानात बायका तिला मिठी मारत. "आम्ही तुझ्या पाठीशी आहोत हं," असं म्हणत. तिच्या नावाच्या पाट्या अंगणोअंगणी लागल्या. आमच्या अंगणातल्या पाटीसाठी ग्लेडनं स्वतः खड्डा खणला आणि माती पायानं दाबून घट्ट केली. निवडणुकीआधीच्या रविवारी बिशपांनी नेहमीची सूचना वाचली, की चर्च कुठल्याही उमेदवाराच्या बाजूनं किंवा विरुद्ध नाही, प्रत्येकानं आपल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावं. कुणी जॅनीलकडे पाहिलंही नाही.

वरच्या गावात मात्र आरडाओरडा चालू होता. मार्टिनच्या बारमध्ये दोन भाऊ तिच्यावरून भांडले आणि एकानं दुसऱ्याच्या ताटात बिअर ओतली. "मॉर्मन ती मॉर्मनच" असं एकजण म्हणायचा, आणि दुसरा म्हणायचा, "अरे पण 'हो' म्हणाली ना ती! तुझ्या तोंडावर म्हणाली ना!" जॅनीलला याचीच काळजी वाटत होती. "वर किती भांडतायत बघ," ती मला म्हणे. "आपल्याकडे किती शांत आहे."

निकाल मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रॅनाइटच्या न्यायालयाच्या दारावर चिकटवतात. मला त्या बाजूच्या विहिरी मोजायच्या होत्या म्हणून मी लवकर पोचले. कागद एका कोपऱ्यातून सुटून वाऱ्यावर फडफडत होता. तो बोटानं दाबून धरत मी वाचला.

ग्रॅनाइटमध्ये जॅनीलला पिकेटच्या जवळजवळ दुप्पट मतं होती. मी तिथे मोठ्यानं हसले. मग खालची ओळ वाचली. हार्मन्स बेंड. पिकेट, चारशेच्या वर. जॅनील टॉबलर, एकतीस.

मला वाटलं रकाने उलटे झालेत. माझ्या कामात असं होतं. आकडा खरा असतो, चुकीच्या रकान्यात पडतो. मी आत जाऊन टेबलामागच्या बाईंना तसं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा काढला.

"मलाही तसंच वाटलं," त्या म्हणाल्या. "म्हणून पुन्हा मोजायला लावलं. रकाने बरोबर आहेत, बाई."

मी बाहेर आले. मार्टिन एप्रनवरच रस्ता ओलांडून आला होता आणि कागदापुढे उभा होता.

"ही काय चेष्टा आहे?" तो माझ्यावरच ओरडला. "आम्ही दारुडे! आम्ही देव न मानणारे! आम्ही हिला मतं दिली, मी माझ्या तीन गिऱ्हाइकांशी भांडण घेतलं, आणि तुम्ही? तुमच्या एवढ्या पाट्या! मी स्वतः खाली येऊन पाहिल्या, आख्खा रस्ता! कुणाला दिलीत मतं? डेलला? तो तर—"

तो एकदम थांबला. बस येऊन उभी राहिली होती. जॅनील खाली उतरली, आमचे चेहरे पाहिले आणि काही न विचारता कागदापाशी गेली. तिनं तो वाचला. मग बोट ठेवून पुन्हा वाचला.

"एकतीस," ती म्हणाली.

"मोजणीत काहीतरी—" मार्टिन म्हणाला.

"नाही." तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. "रो, आईच्या घरी रविवारी जेवायला याच्यापेक्षा जास्त माणसं असतात. माझेच पाच भाऊ, त्यांच्या बायका, त्यांची मोठी झालेली पोरं. सगळी मत देणारी."

मीही मनात तीच बेरीज करत होते. मी तिचे भाऊ मोजले, मग शेजारी मोजले, मग तिच्या नवऱ्याची शवपेटी खांद्यावर घेतलेली माणसं मोजली. कशीही मांडली तरी बेरीज जमत नव्हती. प्रत्येक वेळी कुणीतरी आपलंच माणूस वगळावं लागत होतं.

"पोरं थांबली असतील," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली. पुढे वळण नव्हतं तरी वळणाचा दिवा लुकलुकत ठेवून बस रस्त्याच्या टोकापर्यंत गेली. मार्टिननं एप्रन काढून चुरगळला. "मी तिला फोनबद्दल विचारायला नको होतं," तो म्हणाला.

घरी ग्लेड मागच्या पायरीवर बसून पाण्याच्या फवाऱ्याचं तोंड दुरुस्त करत होता.

"तू कुणाला मत दिलंस?"

"मत गुप्त असतं, रो."

"मी तुझी बायको आहे."

"म्हणून तर सांगत नाहीये."

मी त्याच्यासमोर उभी राहिले. त्याच्या हातातला पाना थांबला.

"ती 'हो' म्हणाली," तो म्हणाला. "त्या सगळ्यांसमोर. बारवाल्यानं विचारलं आणि ही 'हो' म्हणाली."

"तू टाळ्या वाजवल्यास. मी पाहिलं."

"सगळे वाजवत होते. मी काय हात मांडीवर ठेवून बसू?"

"आपल्या अंगणात तिची पाटी आहे, ग्लेड."

"पाटी तू आणलीस."

"खड्डा तू खणलास!"

त्यानं फवाऱ्याचं तोंड पायरीवर ठेवलं. "जॅनीलसाठी मी आत्ता उठून काहीही करीन. तिचं छप्पर गळलं तर शिडी घेऊन पहिला मी जाईन. तुला माहीत आहे. पण पिकेटकडून आपली कधी काही अपेक्षाच नव्हती. तो देवाला नाही म्हणाला तर तो पिकेट आहे. ती नाही म्हणाली तर..." त्यानं हात झटकला. "तर आपण कोण?"

"हे तिला जाऊन सांगितलंस का?"

तो माझ्याकडे असा पाहू लागला, जणू मी त्याला भर रस्त्यात कपडे काढायला सांगितले होते. "तिला वाईट वाटलं असतं," तो म्हणाला.

मी तेवीस वर्षं या माणसाबरोबर जेवतेय, आणि त्या क्षणी मला खरंच कळेना, की आणखी काय काय मी फक्त टाळ्यांवरून समजून चालले आहे.

हरलेल्या जॅनीलच्या घरी पुढचे दोन दिवस थाळ्या येत राहिल्या. बटाटा आणि चीज घालून भाजलेली ती भाजी, वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स. आमच्यात कुणाच्या घरी मयत झाली की हीच न्यायची रीत आहे. मी गेले तेव्हा ओट्यावर जागा उरली नव्हती आणि जॅनील खुर्चीवर बसून त्यांच्याकडे पाहत होती.

"कोण मेलं गं?" तिनं मला विचारलं.

थाळी परत मिळावी म्हणून प्रत्येकीच्या बुडाला मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी लावलेली असते. जॅनील एकेक थाळी उचलून खालून नाव वाचू लागली. "ही एकतीसातली? नाही वाटत. ही? हिनं मला दुकानात मिठी मारली होती. ही तर आईची." ती थाळी तिनं खाली ठेवली नाही, मांडीवरच धरली. अजून गरम होती. "रो, एकीनं जरी येऊन सांगितलं असतं ना, जॅनील, तू चुकलीस, तुला मत देणार नाही. मी भांडले असते. दोन दिवस बोलले नसते. पण माझ्या पायाखाली काय आहे ते मला कळलं असतं."

तेवढ्यात बिशप आले. हॅट हातात, गवताचा चुरा बाह्यांवर. त्यांनी थाळ्यांकडे पाहिलं आणि त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

"सिस्टर टॉबलर, मी प्रार्थना करूनच आलोय. आपल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष म्हणून तुमचं नाव माझ्या मनात येतंय. पुन्हा पुन्हा येतंय."

आमच्या मंडळीत बाईला यापेक्षा मोठं काम नाही. मी जॅनीलकडे पाहिलं. तिचा चेहरा हलला नाही.

"आत्ता? या आठवड्यात?"

"मुद्दाम या आठवड्यात. तुमच्याबद्दल सगळ्यांना किती प्रेम आहे ते रविवारी तुम्हाला दिसेल."

"दिसेल?"

"आख्खी मंडळी हात वर करील, बघा तुम्ही."

"बिशप, तुम्ही कुणाला मत दिलंत ते मी विचारत नाही."

बिशप ऑर्टन चांगले गृहस्थ आहेत. ते कानापर्यंत लाल झाले. "नका विचारू," ते म्हणाले.

"बरं," जॅनील म्हणाली. "रविवारी मी उभी राहीन."

ती 'उभी राहीन' एवढंच म्हणाली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

रविवारी बाकावर ती माझ्या आणि सिस्टर लीथमच्या मधे बसली. माझ्या दुसऱ्या बाजूला ग्लेड होता. समोरच्या मेजावर प्रसादाच्या पावाचे ट्रे पांढऱ्या कापडाखाली झाकलेले होते. बाजा थांबला. बिशप उठले आणि त्यांनी पहिलंच नाव तिचं वाचलं. जॅनील उभी राहिली.

"ज्यांचा पाठिंबा आहे त्यांनी उजवा हात वर करावा."

मी हात वर केला आणि मागे वळून पाहिलं. असं वळून पाहत नाहीत, पण मी पाहिलं. एकही हात खाली नव्हता. तिचे पाच भाऊ, त्यांच्या बायका. दुकानात मिठ्या मारणाऱ्या. ग्लेडचा हात खांद्यातून सरळ वर. सिस्टर लीथमचा खांदा दुखतो, त्यांनी डाव्या हातानं कोपराला आधार देऊन उजवा वर धरला होता.

हात खाली आले.

"कुणाचा विरोध असल्यास तीच खूण करावी."

तो एक श्वास. माझ्या कानाशी कापड सळसळलं. मला वाटलं जॅनील खाली बसतेय. बिशपांनी पुढचं नाव वाचायला तोंड उघडलंही होतं, तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी मोठ्यानं म्हणाली, "मम्मा, ते बघ!"

बिशपांनी मान वर केली.

जॅनील उभी होती आणि तिचा उजवा हात वर होता. इतका स्थिर, की बाहीचं बटणही हलत नव्हतं.

मागे कुणाचं तरी गीतांचं पुस्तक जमिनीवर पडलं. ते कुणी उचललं नाही.

"सिस्टर टॉबलर," बिशप म्हणाले. त्यांनी कागदाकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "तुमचंच नाव आहे."

"माहीत आहे मला, बिशप. माझा विरोध आहे."

"आपण... आपण सभेनंतर माझ्या खोलीत—"

"तुम्ही विचारलंत म्हणून मी केला. विरोध असल्यास तीच खूण. लहानपणापासून ऐकतेय." तिचा आवाज चढलेला नव्हता, बसमध्ये मुलांना 'खिडकीतून हात आत घ्या' म्हणते तसा होता. "आत्ता वर गेलेले हात मला नकोत. परवा मतपेटीत टाकलंत ते खरं होतं. ते मला मान्य आहे. मी काही हे गाव सोडून जात नाही, हा बाकही सोडून जात नाही. फक्त जे खरं आहे ते माझ्या तोंडावर करा. विचारता आहात तर मोजा."

कुणी हललं नाही. बिशपांनी कागद उलटा करून पाहिला, मागची बाजू कोरी होती. पुढे काय म्हणायचं ते त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. आमच्यापैकी कुणालाच शिकवलेलं नव्हतं.

मग जॅनीलच्या पलीकडे हालचाल झाली. सिस्टर लीथमनी पुन्हा कोपर धरलं आणि हात वर केला.

"मी तुला मत दिलं नाही, जॅनील," त्या म्हणाल्या. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांना वाटलं त्यापेक्षा ते फार मोठ्यानं गेलं. शेवटच्या बाकापर्यंत गेलं.

जॅनीलचा हात पहिल्यांदाच हलला. एखाद्या ठोक्यानं हलावा तसा. तिनं आईकडे पाहिलं.

"माहीत आहे, आई."

"तू त्या हॉलमध्ये 'हो' म्हणालीस. मला वाटलं, ही माझी मुलगी नाही."

"हे गाडीत का नाही बोललीस?"

"हॉल गार होता म्हणाले की."

"आई, हात खाली घे. खांदा दुखतोय तुझा."

"नाही घेत," सिस्टर लीथम म्हणाल्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

माझ्या डावीकडे ग्लेडनं खोल श्वास घेतला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मला बघायचं नव्हतं आणि मला सगळं दिसत होतं. त्याचा हात मांडीवरून उठला, बाकाच्या पाठीशी अडखळला, आणि वर गेला. मागे लाकूड करकरलं. आणखी कुणीतरी हात वर केला होता. मग आणखी कुणी. या वेळी हात एकदम वर जात नव्हते. एकेक जात होता, मधे बराच वेळ जात होता, आणि प्रत्येकाच्या आधी एखादं खाकरणं किंवा हुंदका ऐकू येत होता. मी माझे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसले होते. मी तिला मत दिलं होतं. माझा हात खाली असण्याचा अर्थ आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी होत होता.

बिशप ऑर्टननी कागद बाजूला ठेवला. ते मंचाच्या कडेपर्यंत पुढे आले, गवताच्या गंजीपुढे उभे राहतात तसे उभे राहिले, आणि बोट पुढे करून मोजू लागले. पहिलं बोट जॅनीलकडे. दुसरं तिच्या आईकडे.